शिया बटर कुरळ्या केसांना कसं लावायचं? टोकं फार तुटतायत

कुरळीबट:
नमस्कार मंडळी, माझे केस कुरळे, कमरेपर्यंत, आणि आमच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यामुळे टोकं अगदी झाडूसारखी झालीयेत, विंचरताना नुसते तुकडे पडतात. मैत्रिणीने शिया बटरचा डबा दिला, पिवळसर, कच्चं. मी खोबरेल लावते तसं चमचाभर मुळापासून चोपडलं, तीनदा शाम्पू केला तरी निघेना, चार दिवस केस मेणचट. शिवाय धुरकट वास येतो आणि आत रवे धरलेत. खराब झालंय का? केस खरंच मजबूत होतात का याने?

रानजाई:
अगं टाकू नकोस, चांगलं आहे ते! आम्ही तीन वर्षं उत्तर घानात तामालेला होतो, तिथे शेजारच्या बायका घरीच काढायच्या. शियाच्या झाडाच्या बिया उकडून वाळवायच्या, फोडून आतला गर भाजायचा, दळायचा, मग त्या चॉकलेटी लगद्यात पाणी घालून कोपरापर्यंत हात बुडवून फेटत राहायचं, बराच वेळ काहीच होत नाही आणि मग हळूहळू पांढरट स्निग्धांश वर यायला लागतो, आपल्याकडे ताक घुसळून लोणी येतं ना, डिट्टो तसं. नंतर तो कढवतात. धूर आणि भाजल्याचा वास त्यातूनच येतो. खवट झालेल्या तुपासारखा वास आला तरच टाकायचं. घानातल्या अकान भाषेत त्याला न्कुतो म्हणतात, तिथे भाजीआमटीतही घालतात आणि तान्ह्या बाळालाही चोळतात. आणि झाड आपल्या मोहाच्या नि चिकूच्या कुळातलं बरं का! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

रवे म्हणजे ते वितळून सावकाश थिजलंय, रवाळ तुपासारखं. गरम पाण्यात वाटी ठेवून वितळव आणि लगेच फ्रीजमध्ये ठेव, मऊ होईल.

दोनवेण्या:
चमचाभर फारच झालं गं ताई. माझे पण कुरळे आहेत, मी वाटाण्याएवढं घेते, तळहातावर चोळलं की अंगाच्या उबेनेच वितळतं, आधी कणकण लागतं मग एकदम तेल होतं, तेव्हाच लावायचं. केस धुऊन टॉवेलने टिपले की ओलसर असतानाच, फक्त टोकाकडच्या चार बोटं भागाला. टाळूला अजिबात नको, कोंडा असेल तर तो वाढू शकतो.

खोबरेल बंद करू नकोस हं. खोबरेल केसाच्या आत शिरतं, धुताना प्रोटीन कमी जातं, शिया वरच बसून ओलावा धरून ठेवतं. म्हणून खोबरेल न्हाण्याआधी आणि शिया न्हाल्यावर. मजबूत म्हणशील तर टोकं तुटायची कमी होतात, मुळाशी नवीन केस येत नाहीत, कुणी तसं सांगून महागडा डबा विकत असेल तर घेऊ नकोस.

कंगव्यातला केस उजेडात धरून बघ. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून गळलाय, असे खूप केस गळत असतील तर डॉक्टरांना दाखव, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघतील. आखूड तुकडा असेल, ठिपका नसेल, तर तुटलाय.

सड्यावरची:
वास सहनच होत नसेल तर रिफाइंड घ्या, पांढरं असतं, वास नाही. आमच्या कोकणात आजी कोकमाचं तेल भेगांना लावायची, तो कडक पांढरा गोळा केसांच्या टोकांना पण चालतो, पण शियापेक्षा कडक, थोडं खोबरेल घालून वितळवावं लागतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, दाणे-सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कुरळीबट:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आत्ताच खिडकीपाशी कंगवा घेऊन बसले, पंधरातले बारा आखूड तुकडे, ठिपका नाही. तिघांना आहे. डबा गरम पाण्यात ठेवलाय, वितळला की लगेच फ्रीजमध्ये टाकते. रविवारी न्हाल्यावर वाटाण्याएवढंच. रानजाई, त्या बायका गर भाजतात म्हणजे कढईत का गं?

रानजाई:
मोठ्या काळ्या कढईत, चुलीवर. सतत हलवत, आपण शेंगदाणे भाजतो तसंच.