एक अँटिबॉडी पुरत नाही, मग दोन का नकोत?

आल्फाप्रेमी:
किरणोत्सारी अणू अँटिबॉडीला (पेशीवरची ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारं प्रथिन) बांधायचा आणि तिच्या पाठीवर बसवून कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवायचा, ही कल्पना काही नवी नाही. लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झेव्हालिन हे असं औषध अमेरिकेत २००२ सालीच मंजूर झालं. स्तन, आतडं, अंडाशय अशा घट्ट गाठींपाशी मात्र गाडी अडून बसली. माझ्या मते एकाच अँटिबॉडीवर सगळी भिस्त ठेवतो तिथेच आपण फसतो.

एचईआर२ या पेशीवरच्या खुणेसाठी रंगवलेली बायोप्सीची काच कधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काही पेशींना ठळक तपकिरी कड असते, आणि त्यांना खेटूनच काही नुसत्या निळ्या. त्या निळ्यांवर आपली अँटिबॉडी बसणारच नाही. वेगळी खूण ओळखणारी दुसरी अँटिबॉडी जोडीला दिली तर? समजा पहिली खूण ८० टक्के पेशींवर आहे, दुसरीही ८० टक्क्यांवर. दोन्ही नसलेल्या उरतात फक्त ४ टक्के.

शंकासुर:
४ टक्के कधी? दोन्ही खुणांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसेल तेव्हा. पहिली खूण गमावलेली पेशी दुसरीही गमावून बसली असेल, तर तुमचे २० टक्के जागच्या जागी.

आणि निळ्या पेशीवर अँटिबॉडी बसायलाच हवी असं कुठे आहे? झेव्हालिनमधल्या यिट्रियम-९० च्या बीटा कणांचा कमाल पल्ला साधारण ११ मिलिमीटर. शेजारणीवर बसलेला अणू हिलाही भाजतोच की.

आल्फाप्रेमी:
मोठ्या गाठीत मान्य. पण पाच-पन्नास पेशींचा पुंजका असेल तर बीटाची बहुतेक ऊर्जा बाहेरच सांडते. तिथे ॲक्टिनियम-२२५ सारखं आल्फा कण सोडणारं काहीतरी लागतं, आणि आल्फाचा पल्ला १०० मायक्रोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे मोजक्या पेशी. शेजारधर्मावर विसंबून चालत नाही.

मज्जारक्षक:
अस्थिमज्जेचं काय? अँटिबॉडी म्हणजे दीड लाख डाल्टनचा अगडबंब रेणू, रक्तात कित्येक दिवस रेंगाळतो. तोवर मज्जा शेकत राहते. त्यात दोन-दोन सोडायच्या?

आल्फाप्रेमी:
किरणोत्सार दुप्पट करायचाच नाही, तेवढाच दोघींत वाटायचा.

मज्जारक्षक:
मग एकच खूण असलेल्या पेशीच्या वाट्याला अर्धाच आला! तुम्ही जाळं मोठं केलंत, पण विरळही केलंत.

आल्फाप्रेमी:
हो, केलं. पण कॅन्सर परततो तो सरासरी डोसमुळे नाही, सगळ्यात कमी डोस मिळालेल्या पेशींमुळे. शून्यापेक्षा अर्धा बरा.

शंकासुर:
अर्ध्यात पेशी मेली तर बरा. ती सावरून पुन्हा वाढायला लागली तर कोणासाठी बरा?

तिसराकोन:
तुमचं भांडण 'किंवा'वरून चाललंय हे लक्षात येतंय का? 'ही खूण किंवा ती खूण' म्हटलं की गाठीतल्या जास्त पेशी सापडतात, पण दोन्हींपैकी कुठलीही एक खूण जिथे जिथे आहे ते निरोगी अवयवही यादीत येतात. ईजीएफआर घ्या, ती खूण त्वचेवरही असते. तिला चिकटणाऱ्या सेटुक्सिमॅब या अँटिबॉडीने अंगावर पुरळ उठतं ते त्यामुळेच. 'ही आणि ती' अशी दुहेरी ओळख मागणारी द्विमुखी अँटिबॉडी याच्या बरोबर उलट: निरोगी भाग वाचतो, पण गाठीतल्या पेशी जास्त निसटतात. दोन अँटिबॉडी 'एकत्र करणं' हे शब्द दोन्हीला वापरतात आणि मग गोंधळ होतो.

अवांतर: झेव्हालिनमध्येही जोडी होतीच. आधी किरणोत्सार नसलेली रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी, चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम. खूण तीच, सीडी२०. पण रक्तातल्या आणि प्लीहेतल्या बी पेशींच्या (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जागा आधी भरल्या की मागून येणारा किरणोत्सारी माल गाठीपर्यंत जास्त पोचतो.

आल्फाप्रेमी:
हे पटलं. मग प्रत्येक रुग्णात आधी बघू. स्कॅनवर दिसणारा झिरकोनियम-८९ हा किरणोत्सारी अणू लावून दोन्ही अँटिबॉडींचे वेगवेगळे पेट स्कॅन काढायचे, आणि निरोगी अवयवांत जी कमी जाते तिला वाटा जास्त द्यायचा.

शंकासुर:
अवयवांपुरतं ठीक. पण पेटला चार-पाच मिलिमीटरखालचं नीट वेगळं दिसत नाही. तेवढ्या ठिपक्यात लाखो पेशी मावतात. तुमची निळी पेशी त्यात कुठे आहे, दाखवा.

आल्फाप्रेमी:
स्कॅनवर नाही दाखवता येणार. त्यासाठी पुन्हा बायोप्सीच, आणि तीही सुई जिथे शिरली तेवढ्याच जागेची.