बाबांच्या आजारपणाची वही: यातलं काय कमी करू?

वहीवाली:
बाबांना सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार. सहा वर्षं झाली, आता शेवटचा टप्पा आहे असं डॉक्टर आडून आडून सुचवतात. पहिल्या दिवसापासून मी खर्चाची वही ठेवली आहे. धाक वाटायचा तो हॉस्पिटलच्या बिलांचा. परवा बेरीज केली तर वर्षभरात घरातलाच खर्च जास्त निघाला. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) दिवसाचे सोळा तास चालतो, त्याचं वीजबिल. नेब्युलायझरची (वाफेसारखी हुंगायची) औषधं, डायपर, एअर बेड, रात्रीच्या मावशी, तपासणीला नेण्या-आणण्याचं भाडं. आमचा विमा यातलं काहीच देत नाही, तो भरती झालं की जागा होतो. नोकरी मी अर्ध्या वेळेवर आणली, तो बुडालेला पगार कुठल्या पानावर लिहायचा कळत नाही.

वर्षात चार वेळा भरती झाली, दोनदा आयसीयू. दर वेळी परततात ते आधीपेक्षा थकलेले. भाऊ म्हणतो, पैशाचा विचार करू नकोस. (तो लांब राहतो.)

यातलं काय कमी केलं तर बाबांचे हाल होणार नाहीत? विचारताना लाज वाटते.

निवृत्त_सिस्टर:
लाज कसली, ताई. आधी काय कमी करायचं नाही ते सांगते. ऑक्सिजनचे तास मुळीच नाही. ज्यांचा ऑक्सिजन सतत खूप खाली असतो त्यांना रोज १५ तास दिल्यावर ते जास्त जगले, हे १९८१ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं होतं. एअर बेडही राहू द्या. पाठीला एकदा जखम झाली की ड्रेसिंगचा खर्च आणि वेदना दोन्ही महिनोन्‌महिने चालतात.

आता गोळ्यांचा अख्खा डबा डॉक्टरांसमोर उपडा करा. एकेक उचलून विचारा, ही आजच्या त्रासासाठी की दहा वर्षांनंतरच्या? उदाहरणच द्यायचं तर कोलेस्टेरॉलची गोळी. आयुष्य थोडं उरलेल्या ३८१ रुग्णांवर २०१५ साली अभ्यास झाला. ज्यांची बंद केली ते काही लवकर गेले नाहीत, उलट त्यांना जरा बरं वाटत होतं. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका, इनहेलर तर नाहीच. आणि धाप लागली की चेहऱ्यावर छोटा पंखा धरा. पुष्कळांना उतार पडतो.

उशिरा_कळलं:
माझ्या आईचं डायलिसिस होतं, आठवड्यातून तीनदा. आमचं कर्ज झालं ते त्याने नाही, शेवटच्या अकरा दिवसांच्या आयसीयूने. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कुणी विचार करत नाही, पुढे आलेल्या कागदावर सही करतं. पुढच्या वेळी व्हेंटिलेटर हवा की नको, हे बाबा शुद्धीत आहेत तोवर त्यांनाच विचारा आणि डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. पॅलिएटिव्ह केअरवाल्यांनाही, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सनाही, आत्ताच गाठा. मला वाटायचं त्यांना बोलावलं म्हणजे हात टेकले. पण २०१० च्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अभ्यासात ज्यांना ती सुरुवातीपासून मिळाली ते साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. तुमचा आजार वेगळा, तरी माझा गैरसमज तिथेच गेला.

खडूस_काका:
भावाला वहीचे फोटो पाठवा. रोज एक पान.

वहीवाली:
काका, पाठवले. दोन दिवस उत्तर नाही, मग मावशींचे पैसे आले.

सिस्टर, डबा उपडा केला. अकरापैकी तीन गोळ्या बंद झाल्या. एक तर कुणी कधी सुरू केली तेच डॉक्टरांना सापडेना!

आयसीयूचं विचारायला मला आठवडा लागला. बाबांनी मास्क बाजूला केला नि म्हणाले, "तू विचारशील म्हणून मीच थांबलो होतो." त्यांना पुन्हा ती व्हेंटिलेटरची नळी नको आहे. घरी धाप वाढली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे विचारायला सोमवारी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांकडे जातोय. प्रश्न वहीच्या मागच्या पानावर उतरवले आहेत. पहिला बाबांनी स्वतः लिहिलाय, अक्षर लागत नाहीये, त्यांनाच विचारावं लागेल.