घर सोडण्यावरचा शांत सिनेमा सुचवा (आई-बाबांसोबत बघायचाय)

वाड्यातला_धाकटा: रविवार कारंज्याजवळचा आमचा वाडा बिल्डरकडे जातोय. दिवाळीनंतर आई-बाबा इंदिरानगरला आमच्या फ्लॅटवर येणार. त्याआधी एकत्र बघायला म्हातारपण, घर सुटणं यावरचा सिनेमा हवाय. मुलं राक्षस आणि शेवटी बापाचं भाषण, असलं नको. बाबांना इंग्रजी कळतं, आईला सबटायटल वाचायचा कंटाळा.

सातपूरकर: मग मराठीच बघा, 'अस्तु'. मोहन आगाशे. हत्तीमागे निघून गेलेले शास्त्रीबुवा.

वाड्यातला_धाकटा: उत्तम आहे, पण तो विस्मरणावरचा. बाबा हल्ली चाव्या विसरतात, उगाच धसका घेतील.

गंगापूररोड_काकू: 'मेक वे फॉर टुमारो' बघा, १९३७ चा, दिग्दर्शक लिओ मॅकॅरीचा. आपल्याकडे फारसा कुणी बघितलेला नाही. बँक घर ताब्यात घेते, पाच मुलांपैकी कुणालाच म्हाताऱ्या आई-बापाला एकत्र ठेवणं जमत नाही, म्हणून आई एकाकडे, बाप दुसरीकडे. वाईट कुणीच नाही हो, त्यानंच जास्त लागतं. सून घरी ब्रिजचे, म्हणजे पत्त्यांच्या खेळाचे, क्लास घेते. ऐन डाव रंगात असताना सासूबाईंना नवऱ्याचा फोन येतो, त्या मोठमोठ्यानं बोलतात, आणि आधी वैतागलेली मंडळी हळूहळू गप्प होतात. पुढे मुलाला वृद्धाश्रमाचं बोलायचं असतं, जीभ रेटत नाही. आईच्या ते लक्षात येतं आणि 'मलाच तिकडे जायचंय' असं तीच आधी म्हणून टाकते! ही म्हातारी करणारी ब्यूला बाँडी तेव्हा पन्नाशीचीसुद्धा नव्हती. त्याच वर्षीच्या दुसऱ्याच एका विनोदी सिनेमासाठी मॅकॅरीला ऑस्कर मिळालं, तर चुकीच्या सिनेमाला दिलंत म्हणाला. बरोबरच बोलला.

सातपूरकर: काकू, शेवट रडवतो का?

गंगापूररोड_काकू: शेवटचा अर्धा तास दोघं न्यूयॉर्कमध्ये भटकतात, मधुचंद्राच्या हॉटेलात जातात. हसूही येतं. पुढचं सांगत नाही. दीडच तासाचा आहे, मध्ये सिनेमा थांबवून आईंना सांगता येईल. आणि सूनबाईंनाही बसवा.

वाड्यातला_धाकटा: तिला वाचून दाखवलं. 'ब्रिजचा क्लास मी घेत नाही, मला टोमणा कशाला?' म्हणाली. 😅

सातपूरकर: दादा, आधी दोघंच बघा मग. आई-बाबांना सामानाची बांधाबांध उरकल्यावर दाखवा, आधी नको.