आईने विणलेला कार्डिगन: तीन भावंडं, कसरीची भोकं आणि कात्री लावण्याआधीचे प्रश्न

प्रश्न: निळीसावली

आई गेल्यानंतर तिने हाताने विणलेला एक पूर्ण बाह्यांचा कार्डिगन आमच्याकडे आला आहे. करडी लोकर, पुढे दोन्ही बाजूंना वेणीची नक्षी, बाकी साधी वीण, दोन वरून लावलेले खिसे, लाकडी बटणं. वजन ४५० ग्रॅमच्या आसपास. आम्ही तिघं भावंडं आहोत आणि तो कोणाच्याच अंगात बसत नाही. नुसता घडी घालून कपाटात ठेवायचा नाही. प्रत्येकाकडे त्यातलं काहीतरी हवं आहे, आणि ते वापरातलं हवं.

स्थिती अशी: पाठीवर आणि डाव्या बाहीवर मिळून सहा-सात भोकं, सगळ्यात मोठं दीड सेंटिमीटरचं. कोपरं विरली आहेत. काखेतली लोकर दाटून जाड झाली आहे. बरीच वर्षं धुतलेला नाही.

उसवून लोकर वाटून घ्यावी का? कापला तर टाके सुटत जातील का? आणि आधी धुवावाच लागेल का? धुतला की तिचा वास जाईल, म्हणून हात धजत नाही.

---

टाक्यालाटाका

तुमचे तीन प्रश्न आहेत, पण पहिलं काम या तिन्हींच्या आधीचं आहे. भोकं कसरीची असतील तर अंडी अजून लोकरीत असू शकतात. ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असतात, डोळ्यांना सहज दिसत नाहीत. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. त्यामुळे पतंग दिसला नाही म्हणजे कसर गेली असं समजू नका.

कार्डिगन प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर गार लोकरीवर हवेतलं पाणी जमतं आणि ती ओलसर राहते. नंतर मोकळ्या हवेत झटकून, शिवणी उलटून ब्रश फिरवा. अळ्यांची जाळी शिवणीत आणि खिशाच्या तळाशी अडकलेली असते.

लोकर खरी की अॅक्रिलिक, हेही आत्ताच पाहा, कारण पुढची पायरी त्यावर ठरते. आतल्या शिवणीतून लोंबणारं ३-४ सेंटिमीटरचं टोक कापा, चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर पेटवा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, ज्योत बाजूला घेतली की विझते आणि राख बोटात चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं, जळत राहतं आणि मागे काळा कडक मणी ठेवतं. कसर लागली आणि काख दाटली, यावरून तुमची खरी लोकर असावी असंच वाटतं. अॅक्रिलिक निघालं तर गरम इस्त्री अजिबात लावू नका, ते कायमचं ढिलं पडतं.

आता उसवण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण कार्डिगन उसवू नका. लोकर दुकानातून आली होती, आईचा हात टाक्यांमध्ये आहे. तिने धागा किती घट्ट ओढला, वेणीला पीळ कितव्या ओळीला दिला, काठ कसा सुरू केला, हे उसवताच संपतं आणि हातात फक्त करड्या लोकरीचा गुंडा राहतो. शक्य तेवढे टाके तसेच राहू द्या.

हातविणीचा कार्डिगन सुट्या भागांचा असतो: पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या. म्हणजे कात्री लावण्याआधी शिवणीच उसवायच्या आहेत. शिवण उसवताना दोरा विणीच्या लोकरीचाच असेल तर फसगत होते. दोन्ही भाग हलके ताणून धरा. जो धागा भागांच्या मधून आडवा जाताना दिसतो तो शिवणीचा. दर ५-६ सेंटिमीटरवर तोच कापा आणि बोथट सुईने ओढून काढा.

मग वाटणी अशी सुचवेन.

दोन्ही पुढचे भाग मिळून एक उशीचा अभ्रा. बटणपट्टी तशीच ठेवा, तीच अभ्र्याचं तोंड होते, चेन लावायची गरज नाही. मागे जाड सुती कापड. विणीच्या आतून सुती अस्तर लावाच, नाहीतर उशीचा सगळा ताण टाक्यांवर येतो आणि महिन्याभरात वेणी पसरते. अभ्रा उशीपेक्षा लहान करू नका, उशीच्या मापाचाच ठेवा. घट्ट केला तर बटणांच्या मधून फटी पडतात. पट्टीच्या मागे ८-१० सेंटिमीटर रुंद कापड लावलं की आतली उशी दिसत नाही.

पाठीचा दुसरा अभ्रा, भोकं बुजवून. बाह्यांमधून मनगटपट्ट्या, आणि उरलेल्या बाहीची लोकर.

टाके सुटण्याचं म्हणाल तर दिशा महत्त्वाची. उभं कापलं तर टोकं तुटतात, पण टाके ओळीने सुटत नाहीत. आडवं कापलं की खालच्या तुकड्याच्या वरच्या कडेला फासे उघडे पडतात आणि जरा ओढ बसली की सरसर उतरतात. म्हणून उभ्या कापाला आधी मशीनची शिलाई घाला: टाक्यांच्या दोन उभ्या ओळींच्या मधल्या खाचेत, २ ते २.५ मिलिमीटर लांबीचे टाके, शेजारी शेजारी दोन रांगा. मशीनच्या पायाचा दाब कमी करा आणि खाली पातळ कागद ठेवा, नाहीतर कड लाटांसारखी वर-खाली होते. कात्री शिलाईच्या बाहेर ५-६ मिलिमीटर सोडून चालवा. वेणीला लागून कधीच कापू नका. वेणीच्या बाजूचे दोन-तीन उलट टाके राहिले नाहीत तर वेणी कडेला वळते.

आडवं मात्र कापूच नका. मनगटपट्टीसाठी काठापासून १८-२० सेंटिमीटरवर एका ओळीतला एकच टाका कापा आणि ती ओळ सुईने दोन्हीकडे ओढून काढा. बाही मनगटापासून वर विणलेली असेल तर खालच्या तुकड्याचे सगळे फासे उघडे मिळतात. ते सुईवर घ्या आणि नेहमीसारखे बंद करा. हे दिवसा, खिडकीशी बसून करा. करड्या लोकरीत सुटलेला फासा दिव्याखाली दिसत नाही.

---

रफूचीसुई

वरच्या सगळ्याला दुजोरा. भर फक्त धुण्याची आणि भोकांची.

धुवावंच लागेल. कसरीला घाम आणि तेलकट डाग लागलेली लोकर जास्त आवडते. पण तुमची वासाची ओढही अगदी खरी आहे, तिच्यासाठी एक मार्ग आहे. एक खिसा उसवून अख्खा बाजूला काढा. वरून लावलेला खिसा काढल्याने अंगाला काही होत नाही. फ्रीजरची पायरी झाल्यावर, पूर्ण कोरडा असताना, तो न धुता काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. ओल राहिली तर बुरशी येते. वास कायमचा राहणार नाही, पण उघड्यावरच्यापेक्षा बराच टिकेल. बरणी वारंवार उघडू नका.

धुण्याआधी भोकाभोवतीचे सगळे सुटे फासे वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यात ओवून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि दीड सेंटिमीटरचं भोक धुतल्यावर चारचं होऊन येतं. मग ३० अंशांच्या आतलं पाणी, लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण एक चमचा, १५ मिनिटं नुसतं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, खंगाळायचं पाणीही त्याच तापमानाचं. गरम-गार आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात. तुमच्या काखेत हेच झालंय, आणि ते परत मोकळं होत नाही. नेहमीच्या कपड्यांच्या पावडरीतली एन्झाइम्स लोकरीचं प्रथिनच खातात. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर विरघळवतं. उचलताना खांद्याला धरून लोंबकळवू नका, दोन्ही हातांवर घ्या, टॉवेलात गुंडाळून दाबा, सपाट वाळवा.

रफूला लोकर कुठून आणायची? बाहेरून मुळीच नको, इतक्या वर्षांनी तो करडा जुळणार नाही. शिवणीतली लोंबती टोकं, शिवणीचा उसवलेला धागा आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजूची धाग्याची टोकं, एवढ्यात सहा-सात भोकं सहज बुजतात. कोपरासारख्या विरलेल्या, पण टाके शाबूत असलेल्या जागी टाक्यावर टाका घाला: बोथट सुईने त्याच टाक्याच्या वाटेवरून धागा फिरवायचा. विरलेल्या भागाच्या चहूबाजूंनी किमान दोन टाके पुढे जा, कारण रफूची कड नेमकी अशक्त जागेवर आली तर पुढचं भोक तिथेच पडतं. खरं भोक असेल तर आधी उभे धागे, मग आडवे विणून घ्या. ताण किंचित ढिला ठेवा. घट्ट रफू केल्यावर भोवती चुण्या पडतात.

---

लडीगुंडा

उसवण्याच्या विरोधातलं मत मला पूर्ण पटत नाही. विणणाऱ्या हातांनी जुनी लोकर उसवून पुन्हा विणणं नेहमीच केलं आहे, आणि तिच्या लोकरीची टोपी कोणाच्या तरी डोक्यावर असणं हेही जपणंच आहे. पण नक्षीचे भाग ठेवून बाह्या उसवाव्यात, इथे आमचं एकमत होईल.

हिशेब: ४५० ग्रॅममध्ये दोन्ही बाह्या मिळून साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे १५० ग्रॅम. कोपरं, काख आणि भोकाजवळचे तुकडे वगळले तर १०० ते १२० उरतील. मोठ्या माणसाच्या टोपीला ६० ते ८० ग्रॅम पुरते, थोडी रफूसाठी राहील. मनगटपट्ट्याही काढल्यात तर टोपीला कमी पडेल, दोन्हीतलं एकच निवडा. मफलरचा विचार सोडून द्या.

उसवणं सुरू करायचं ते शेवटी बंद केलेल्या टोकाकडून, म्हणजे बाहीच्या खांद्याकडून. ज्या कडेला टाके घातले होते तिकडून ओढलं तर धागा प्रत्येक फाशात अडकतो. काखेतला दाटलेला भाग उसवत नाही, ओढून लोकर तोडू नका, कापून टाका. उसवलेला धागा लगेच गुंड्यात गुंडाळू नका. खुर्चीच्या पाठीभोवती लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलात दाबून टांगा. नागमोडी मोड बहुतेक जातात. खाली जड वजन लटकवू नका, लोकरीची लवचीकता जाते आणि विणल्यावर टोपी आटते.

जोड द्यायला गाठी नकोत. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकांचे पदर ५ सेंटिमीटर सोडवून एकमेकांवर ठेवा, ओलसर करून तळहातात चोळा, जुळून जातात. आणि विणण्याआधी हातभर धागा झटका देऊन ओढून पाहा. सहज तुटला तर करड्या रंगाची अगदी बारीक नवी लोकर सोबत धरून दुहेरी विणा.

---

निळीसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. पिशवी आजच फ्रीजरमध्ये जाते आहे. पिशवीत घालण्याआधी नीट पाहिला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. शिवण आतून क्रोशाच्या साखळीने जोडलेली आहे. आणि उजव्या वेणीत, खिशाच्या जरा वर, एक पीळ उलट्या बाजूला पडला आहे. बाकी सगळे एका दिशेचे. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अभ्र्यात तो दिसावा अशी तिघांचीही इच्छा आहे.

---

टाक्यालाटाका

साखळीची जोड असेल तर काम सोपं. तिचं शेवटचं टोक शोधा, गाठ सोडवा आणि ओढा, पूर्ण शिवण एका धाग्यात निघते. तो धागा जपून ठेवा, रफूला अखंड मिळेल. टोक सापडलं नाही तर साखळीचा एक फासा कापून दोन्हीकडे प्रयत्न करा, एकाच दिशेने सुटते.

त्या पिळासाठी: अभ्र्याचं माप खिशाच्या रेषेवरून न घेता त्या पिळापासून घ्या. तो मधोमध नको, तिथे टेकून टेकून लोकर विरते. वरच्या तिसऱ्या भागात, कडेपासून किमान ८ सेंटिमीटर आत ठेवा. इस्त्री वेणीवर फिरवू नका. खाली जाड टॉवेल ठेवून वरून वाफ द्या आणि हाताने बसवा.

कापण्याआधी एक काम उरतंच. साध्या विणीच्या भागावर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. वेणी किती टाक्यांची आणि कितव्या ओळीला पीळ, हे लिहून ठेवा. प्रत्येक भागाची लांबी-रुंदी टिपा आणि दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, पट्टी शेजारी ठेवून काढा. एवढ्या नोंदीवरून हाच कार्डिगन तिन्ही घरांत पुन्हा विणता येईल.

---

रफूचीसुई

डांबराच्या गोळ्या घालणार असाल तर लोकरीला चिकटू देऊ नका, कापडात बांधून डब्याच्या कडेला ठेवा. अभ्रे वापरात असताना त्यांची गरज नाही. महिन्यातून एकदा झटकून उन्हाच्या तिरिपेत तासभर ठेवलेत तरी पुरतं. रोज थेट उन्हात मात्र नको, करडा रंग पिवळट होतो.