सरकारी मेडिकल कॉलेज: नवं काढायचं की जुनं वाढवायचं?

(एका ऑनलाइन चर्चेतल्या नोंदी. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पैनगंगा

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. आमच्या भागाचं नाव यादीत बघून मलाही आनंद झाला. तरीही माझं मत वेगळं आहे. डॉक्टर वाढवायचे असतील तर दर जिल्ह्यात नवी पाटी लावण्याआधी जुनी, रुळलेली कॉलेजं मोठी करा. आणि तिथल्या मुलांना शेवटच्या वर्षांत आजूबाजूच्या जिल्हा रुग्णालयांत राहून शिकू द्या.

मी सरकारी कॉलेजात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवते. मेडिकल कॉलेजांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या निकषांत १०० जागांसाठी ८५ शिक्षक आणि १५० जागांसाठी ११४ शिक्षक सांगितले आहेत. शंभराच्या दोन कॉलेजांत प्रत्येकी ५० जागा वाढवल्या तर दोन्हीकडचे मिळून ५८ शिक्षक जास्त लागतील. त्याच शंभर जागांसाठी नवं कॉलेज काढलं तर ८५. आणि हे ८५ आणायचे कुठून? नवं कॉलेज निघालं की आमच्याच विभागातली माणसं प्रतिनियुक्तीवर तिकडे जातात.

परवाचंच सांगते. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहावर शिकवतात तिथे, एका टेबलाभोवती पंचवीस जण. बगलेतल्या नसांचं जाळं दाखवायचं होतं, ते असतं मूठभर जागेत. मागच्या रांगेतली एक मुलगी स्टुलावर चढली, तरी तिला पुढच्यांची डोकीच दिसत होती. शेवटी तिने पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हेच ना?" शेजारचं टेबल मोकळं होतं, देहही होता. तिथे उभं राहून शिकवणारे सर बदलून गेलेले.

पर्लकोटा

मॅडम, तुमचं शिक्षकांचं गणित बरोबर असेल. पण कॉलेज म्हणजे नुसत्या एमबीबीएसच्या जागा नाहीत. आमच्याकडे भामरागडहून गडचिरोलीच दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. पावसाळ्यात नदी चढली की तेही तुटतं. आणि गडचिरोलीला पोचल्यावरही पुढे नागपूर दाखवलं जायचं.

माझ्या वहिनीचं मूल आडवं होतं. रात्री अकराला रुग्णालयात पोचलो. स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, ऑपरेशन थिएटर होतं, रक्तही मिळालं असतं. भूलतज्ज्ञ रजेवर. हातात चिठ्ठी दिली आणि १०८ मध्ये बसवलं. त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तिने माझा हात दाबला, ते दाबणं अजून आठवतं. वहिनी वाचली, मूल नाही.

कॉलेज आलं की निकषापोटी का होईना, १०० जागांना ४२० खाटांचं रुग्णालय चालू ठेवावं लागतं. भूलशास्त्राचा अख्खा विभाग असावा लागतो, एकच माणूस नाही. तुमचं जुनं कॉलेज वाढवून ते आमच्यापर्यंत कसं येणार?

ड्युटीरूम

दोघांचंही वाचलं. मी बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आमच्या बॅचला अट होती: सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख भरा. माझ्या बॅचमधल्या बहुतेकांनी हे वर्ष नीट-पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, तयारी करत काढलं. मीही काढतोय. दुपारी ओपीडी संपली की पुस्तक उघडतो. पेशंटांशी वाईट वागत नाही, पण मन इथे नाही, हे कबूल करतो.

जागा वाढवून हे बदलणार नाही. तमिळनाडूत सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या राज्य कोट्यातल्या ५० टक्के जागा सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी ठेवतात. राज्यांना असं आरक्षण देता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मान्य केलं. खेड्यात पाच वर्षं काढली की भूलशास्त्राची जागा मिळेल असं मला कोणी लिहून दिलं, तर मी आज पर्लकोटा यांच्या तालुक्यात जायला तयार आहे. आधी हे करा, कॉलेजाचं नंतर बघू.

हिशेबवही

पैनगंगाताई, तुमच्या योजनेत एक मोठी अडचण आहे. आयोगाला कॉलेज आणि रुग्णालय एकाच परिसरात लागतं. जिथे सवलत आहे तिथेही दोन्हींत तीस मिनिटांपेक्षा जास्त प्रवास चालत नाही. दीडशे किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात मुलं दोन वर्षं ठेवणं आजच्या नियमांत बसतच नाही.

नव्या कॉलेजांनाही मी सरसकट हो म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयच आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे दिलं गेलं. खाटा त्याच, इमारत तीच, फलक नवा. मग पर्लकोटा म्हणतात तो भूलशास्त्राचा विभाग कागदावर उभा राहतो. सहायक प्राध्यापकांची भरती एमपीएससीकडून व्हायची, ती होईपर्यंत कंत्राटी माणसं. थोड्या काळाच्या कंत्राटावर घर सोडून दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात कोण येईल?

मागची_रांग

मी अशाच एका नव्या कॉलेजच्या पहिल्या बॅचचा. नाव लिहीत नाही. वसतिगृह भाड्याच्या इमारतीत, ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, हे सगळं खरं. पण मोठ्या कॉलेजातले मित्र सांगतात, एका पेशंटभोवती पंधरा जण उभे राहतात आणि पोटाला हात लावायला नंबर येत नाही. आमच्याकडे मेडिसिनचे सर प्रत्येकाला नावाने ओळखतात. सकाळी सात वाजता वॉर्डात माझी वाट बघत असतात. परवा एक आजी म्हणाल्या, "जीव घाबरल्यावानी व्हतंय, न् डावा हात भरून आलाय." सरांनी मलाच विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, ईसीजी. काढला, निघाला हार्ट अटॅक. अडीचशेच्या बॅचमध्ये ती आजी माझ्या वाट्याला आली असती का?

पुन्हा मी इथलाच. आजींची बोली मला कोणी समजावून द्यावी लागली नाही. माझ्या बॅचमधले निम्मे मात्र लांबून आलेत आणि इंटर्नशिप संपली की जाणार, हेही खरंय.

ड्युटीरूम

@मागची_रांग, हाच मुद्दा. जपानमध्ये १९७२ साली जिची मेडिकल युनिव्हर्सिटी निघाली. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घ्यायची, फीचा भार प्रांतांनी उचलायचा आणि मुलांनी आपल्या प्रांतात नऊ वर्षं सेवा द्यायची. कॉलेज एकच, डॉक्टर सगळ्या देशाला. आपण मात्र ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) २०२० मध्ये काढून टाकला.

मागची_रांग

तो कोटा गेला हे बरंच झालं. मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळे ७० टक्के 'आपल्या' जागा म्हणजे थोड्याच. मुंबई-पुण्याकडच्या मुलापेक्षा जास्त मार्क असून आमची मुलं बाहेर राहायची. कोटा हवा तर जिल्ह्याचा हवा, आणि त्याला सेवेची अट जोडलेली हवी.

पैनगंगा

हिशेबवही, नियम आडवा येतो हे मान्य, तो बदलावा लागेल. पण पीजीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम आयोगाच्याच नियमांत आहे. तीन महिने शिकता येतं, तर एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षालाही येईल. अट एकच, तिथे शिकवणारा तज्ज्ञ कायम नेमणुकीवर हवा.

पर्लकोटा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. गडचिरोलीबद्दल मी माझं म्हणणं मागे घेते. जिथून जवळचं कॉलेज चार-पाच तासांवर आहे, तिथे नवंच हवं. अंबाजोगाईला १९७५ च्या सुमाराला तालुक्याच्या गावात मेडिकल कॉलेज काढलं, तेव्हाही लोकांनी वेड्यात काढलं असेल. आज आसपासच्या जिल्ह्यांचेही पेशंट तिथे जातात. पण त्याला कित्येक वर्षं लागली आणि माणसं तिथे घर करून राहिली. एका वर्षात दहा ठिकाणी एकदम तशी माणसं कुठून येणार, एवढंच माझं भांडण आहे. अंबरनाथला आणि गडचिरोलीला एकाच मापाने मोजू नका.

पर्लकोटा

एवढं मान्य केलंत, पुष्कळ झालं. फक्त 'आधी शिक्षक, मग कॉलेज' म्हणाल तर आमचा नंबर कधीच लागणार नाही. आजवर तसंच झालंय.

पैनगंगा

@मागची_रांग, एक विचारू? तुमच्या ॲनाटॉमी विभागात आत्ता किती जण आहेत?

मागची_रांग

दोन, मॅडम. त्यातल्या एक पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. तरीही कॉलेज बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या त्या मोकळ्या टेबलावरचे सर बहुतेक आमच्यासारख्याच कुठल्यातरी कॉलेजात गेलेत. आम्हाला ते हवेच आहेत, आणि तुमच्या स्टुलावरच्या मुलीलाही.