कोलाडला राफ्टिंग: सोबत आई आणि ११ वर्षांचा मुलगा, जमेल का?

कोथरूडची_सुमी: जानेवारीत एक शनिवार-रविवार कोलाडला जायचं चाललंय. नवऱ्याला कुंडलिकेत राफ्टिंग करायचंच आहे, मुलगा ११ वर्षांचा, आणि आई ६८ची, तिला अर्थातच बोटीत बसवणार नाहीये. पण मग ती दिवसभर करणार काय? शिवाय थंडीत पाणी असतं का नदीला? आणि ताम्हिणीतून पहाटे गाडी न्यावी का रात्रीच जाऊन राहावं? जरा सांगा ना.

घाटवाट: पाण्याची काळजी पावसावर सोडू नका, ती विजेवर सोडा :) मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं, वीज तयार झाली की तेच पुढे कुंडलिकेत येतं. म्हणजे एरवी मुळेतून आपल्या पुण्याकडे आलं असतं तेच पाणी आता पश्चिमेला वळून रेवदंड्याला समुद्राला मिळतं. भिरा १९२७ पासून चालू आहे, आणि ह्याच धरणाविरुद्ध सेनापती बापट १९२१ ला मुळशी सत्याग्रहात उतरले होते, जाताना तलाव दिसला की पोराला सांगा.
तर पाणी बहुतेक सकाळीच सोडतात, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. उशिरा पोचलात तर नुसते दगड बघून परत याल. रात्रीच जाऊन राहा.

पॅडलवाला_बंड्या: +१. आम्ही पहाटे साडेचारला चांदणी चौकातून निघालो होतो, घाटात धुकं एवढं की बॉनेट दिसेना, आणि पोचल्यावर आयोजक म्हणतो आज पाणीच सुटलं नाही. ॲडव्हान्सचे पैसे मागायला गेलो तर "पुढच्या वेळी या, ॲडजस्ट करू". पुढची वेळ अजून आली नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी फोन करून पाण्याचं विचारा आणि पाणी नसेल तर पैसे परत मिळतील का हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.
मुलाचं अवघड दिसतंय ताई. आम्ही दोनदा गेलो तेव्हा १४ च्या खालच्यांना घेतच नव्हते. उगाच वय वाढवून सांगू नका, थंड पाण्यात उलटली तर लाईफ जॅकेट सैल असलेलं पोर गळ्यातून सुटतं. त्याला कायाकिंग मिळतं का विचारा, संथ पाण्यात असतं ते.

कोथरूडची_सुमी: बापरे, हे नवऱ्याला वाचून दाखवते. मग मी आणि मुलगा काठावर. आईचं काय पण?

रोह्याची_लेक: सुमीताई, आईंना पालीला न्या की, बल्लाळेश्वर तिथून फार लांब नाही, अष्टविनायकातला एक होऊन जाईल, देऊळही निवांत.
आणि जानेवारीत येताय तर पोपटी खाल्ल्याशिवाय जाऊ नका!! माझं माहेर रोहा, वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागतेच. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा (वासाचं रानझुडूप) पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी नाहीतर मसाला लावलेलं चिकन, परत पाला दाबून तोंड बंद आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. झालं की नाही कसं कळतं तर मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, चर्र करून लगेच उडाला की काढायचं. आमचे काका ह्यात कुणाचं ऐकत नाहीत, दरवेळी पाच मिनिटं जास्त ठेवतात आणि दरवेळी खालच्या शेंगा करपतात.
हॉटेलात "पोपटी थाळी" लिहिलेलं दिसलं तर आधी विचारा जाळावरची का कुकरमधली. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर करून देतात बरेच जण. आई शाकाहारी असतील तर त्यांचं मडकं वेगळं लावायला सांगा, नुसत्या शेंगा, बटाटा, रताळी. तेच जास्त छान लागतं खरं तर.

घाटवाट: आणि घाट उतरल्यावर विळे गावात माणगावचा रस्ता पकडू नका, कोलाडचा धरा. घाटात रेंज जाते, मॅप आधीच डाऊनलोड करा.

कोथरूडची_सुमी: आई म्हणतेय राफ्टिंग गेलं खड्ड्यात, पोपटीसाठी दोन दिवस राहू. @रोह्याची_लेक भांबुर्डा पुण्यात मिळतो का?

रोह्याची_लेक: मंडईत मी तरी कधी बघितला नाही. तिथूनच जुडी आणा, पण गाडीत वास बसतो हं, नवऱ्याला आधी सांगा.