शब्दचर्चा : मजकुरातील कंसाला ‘संदर्भ’ म्हणावे की ‘उल्लेख’?

प्रश्न (खानापूर) : मी मराठीतून शोधनिबंध लिहीत आहे. वाक्याच्या अखेरीस लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठांक कंसात देतो, त्याला आमचे सर ‘संदर्भ’ म्हणतात. परंतु निबंधाच्या शेवटच्या यादीलाही आम्ही ‘संदर्भ’च म्हणतो. कन्नडमधून लिहिणारा माझा सहाध्यायी मात्र ‘उल्लेख’ म्हणतो. आपण कोणता शब्द सुचवाल?

उत्तर (बेळगाव) : हा घोळ सीमाभागात अधिक जाणवतो, कारण दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या पत्रात ‘विषय’ या ओळीखाली ‘संदर्भ’ असे लिहिलेले असते. कर्नाटक शासनाच्या कन्नड पत्रात त्याच जागी ‘उल्लेख’ असतो. कन्नडमध्ये ‘संदर्भ’ म्हणजे प्रामुख्याने प्रसंग किंवा परिस्थिती. त्यामुळे आपला सहाध्यायी त्याच्या भाषेत बरोबरच आहे.

मराठीत मात्र ‘उल्लेख’ म्हणजे केवळ नाव घेणे. ‘पाटील यांनी या लेण्याचा उल्लेख केला आहे’ या वाक्यातून पाटलांनी आधार दिला की नुसते नाव घेतले, हे कळत नाही. उलट ‘संदर्भ’ या शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे : मागचापुढचा संबंध, आधारग्रंथ आणि कंसातील नोंद ही तिन्ही कामे तोच करतो. मूळ संस्कृत अर्थ गुंफण, रचना असा आहे, म्हणून मागच्यापुढच्या संबंधासाठी तो नैसर्गिक वाटतो. कंसातील नोंदीचे काम गुंफण्याचे नसून बोट दाखवण्याचे आहे, आणि ‘निर्देश’ हा शब्द ‘दिश्’ म्हणजे दाखवणे या धातूवरून आला आहे. त्यामुळे कंसाला ‘संदर्भनिर्देश’ आणि शेवटच्या यादीला ‘संदर्भसूची’ म्हणावे, असे माझे मत आहे. नुसते ‘निर्देश’ लिहू नये. आजच्या वाचकाला त्यात न्यायालयाचा आदेश ऐकू येतो, आणि आपल्याकडील कन्नड जाणणाऱ्या कानाला ‘निर्देशक’ म्हटले की चित्रपटाचा दिग्दर्शक आठवतो.

पुरवणी (निपाणी) : ‘दाखला’ हा शब्द का नको? वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘पुस्तकातला दाखला द्या’ हेच होते.

उत्तर (बेळगाव) : बोलण्यात तो शब्द उत्तम आहे, आणि खंडनमंडनात त्याच्याइतका धारदार दुसरा नाही. तथापि दाखला म्हणजे पुरावा म्हणून पुढे केलेली गोष्ट. आपण ज्याचे मत खोडून काढतो त्याचाही संदर्भनिर्देश करावा लागतो, पण त्याला आपला दाखला म्हणता येत नाही. शिवाय ‘दाखला’ म्हटल्यावर अनेकांना जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आठवतो, आणि कन्नड ‘दाखले’ म्हणजे नोंद किंवा कागदपत्र. ‘उद्धरण’ आणि ‘अवतरण’ हे शब्द लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतल्यासच वापरावेत. (एक वर उचलतो, दुसरा खाली उतरवतो, अर्थ मात्र एकच! ‘उद्धार करणे’ याचा बोलीतला अर्थ तर आणखी निराळा.)

‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ (म्हणजे वर निर्देश केलेला ग्रंथ) हे जुने संकेत तळटिपांच्या पद्धतीतले आहेत. ‘तत्रैव’ म्हणजे ‘तेथेच’. मध्ये एखादी नवी टीप घातली की ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. लेखक-वर्ष पद्धतीत ते टाळावे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या लेखक-वर्ष शैलीच्या सातव्या आवृत्तीनुसार तीन किंवा अधिक लेखक असल्यास पहिले आडनाव देऊन ‘आणि इतर’ लिहावे. ‘प्रभृती’ हा शब्दही चालेल, परंतु त्याला गौरवाची छटा आहे.

प्रश्न (खानापूर) : आभारी आहे. माझ्या यादीत दोन पाटील आहेत, आणि जी. एस. शिवरुद्रप्पा यांच्यासारख्या कन्नड लेखकांना आडनावच दिसत नाही. तेथे कंसात काय लिहावे?

उत्तर (बेळगाव) : दोन पाटलांपुढे आद्याक्षरे द्यावीत, आणि ती प्रत्येक निर्देशात द्यावीत, केवळ पहिल्या वेळी नव्हे. शिवरुद्रप्पा हे त्यांचे स्वतःचे नाव आहे, तरी कंसात ‘शिवरुद्रप्पा’ असेच लिहावे आणि सूचीतही ‘श’खाली घ्यावे. आपल्या मराठी सवयीने ‘जी. एस.’मधून आडनाव शोधू नये.